तारा आल्या, तरी गाडी क्रॉसिंगलाच का?

(रेल्वेविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर. उत्तरं देणारे लेखक मध्य रेल्वेच्या ओव्हरहेड तारांच्या विभागातून निवृत्त झाले आहेत.)

कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. निम्म्यांत प्रश्न कमी आणि वैताग जास्त आहे, पण तो रास्त आहे. सारख्याच तक्रारी एकत्र केल्या आहेत. नोकरभरती आणि बदल्यांबद्दलची पत्रं बाजूला ठेवली, त्यातलं मला आता काही कळत नाही.

प्रश्न : काका, मी संगमेश्वरची. कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा रेल्वेनं रत्नागिरीला जाते. विद्युतीकरण चालू होतं तेव्हा ‘ब्लॉक आहे’ म्हणून गाड्या तास तास उशिरा यायच्या. आम्ही म्हणायचो, सोसू या, एकदा तारा आल्या की सुखच आहे. तारा आल्या, विजेचं इंजिनही आलं. आणि परवा माझी गाडी उक्षीला पाऊण तास उभी! मग एवढी वर्षं आम्ही सोसलं ते कशासाठी? — एक शिक्षिका, संगमेश्वर

बाई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. काम चालू असताना उशीर का व्हायचा, आणि काम संपल्यावरही का होतो. दोन्हींचं मूळ एकच आहे : वीरच्या पुढे तुमचा मार्ग एकेरी आहे. म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच, आणि समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना वाट देऊ शकतात. यालाच क्रॉसिंग म्हणतात.

आधी कामाचं सांगतो. २०१५ च्या नोव्हेंबरात कोलाडला तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी कामाचा नारळ फोडला. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, ७४० किलोमीटर. शेवटचा तुकडा रत्नागिरी ते गोव्यातलं थिवी. त्याची तपासणी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी २४ मार्च २०२२ ला केली, आणि २० जून २०२२ ला पंतप्रधानांनी सगळा मार्ग देशाला अर्पण केला. सहा वर्षांहून जास्त काळ आणि १,२८७ कोटी रुपयांच्या घरात खर्च. लोक मला विचारतात, तार ओढायला सहा वर्षं? तार ओढायला नाही हो. खांब उभे असतील, त्यांना तार धरणारे ब्रॅकेट लागलेले असतील, तर सरावलेली टोळी एका चांगल्या ब्लॉकमध्ये किलोमीटर-दीड किलोमीटर तार चढवते. अडतं ते त्या ‘चांगल्या ब्लॉक’पाशी.

ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ त्या तुकड्यात एकही गाडी सोडायची नाही आणि मार्ग कामवाल्यांच्या ताब्यात द्यायचा. कागदावर लिहिलेलं असतं, अकरा ते दोन. टॉवर वॅगन, म्हणजे तारेपर्यंत हात पोचवणारी उंच फलाटाची गाडी, सकाळपासून स्टेशनच्या लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी. माणसं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली. पावणेअकराला स्टेशन मास्तर सांगतात, वरची एक्स्प्रेस पंचवीस मिनिटं लेट आहे, ती गेली की घ्या. ती जाते. मग सेक्शन कंट्रोलर म्हणतो, मागे एक मालगाडी आहे, तेवढी काढतो. पावणेबाराला ब्लॉक मिळतो. कामाच्या जागी पोचायला वीस मिनिटं. शिड्या, दोर, अवजारं बाहेर निघतात. दीड वाजला की सुपरवायझर घड्याळ बघायला लागतो, कारण दोनला मार्ग मोकळा करून द्यायचा तर सगळं आवरून स्टेशनात परत यायला हवं. तीन तासांच्या ब्लॉकात हाताला लागतो सव्वा तास. आणि हा त्यातल्या त्यात बरा दिवस. वाईट दिवशी बारा वाजता निरोप येतो, ‘आज ब्लॉक कॅन्सल’, आणि माणसं डबे उघडून जेवतात.

मी मुंबईत १,५०० व्होल्ट डीसीच्या जागी २५,००० व्होल्ट एसी आणण्याच्या कामावर होतो. ते काम काही कमी किचकट नव्हतं. पश्चिम रेल्वेवर ते २०१२ ला संपलं, आमच्याकडे हार्बरचा शेवटचा तुकडा एप्रिल २०१६ उजाडेपर्यंत चालला. पण मुंबईत दोन गोष्टी हाताशी होत्या. मुख्य मार्गावर चार रूळ, आणि रात्री एकच्या पुढे लोकल बंद. दोन रूळ बंद करा, दोनांवरून गाड्या काढा. कोकणात बंद करायला दुसरा रूळ नाही. रात्रीचं म्हणाल तर तुमच्या लांब पल्ल्याच्या अर्ध्या गाड्या रात्रीच धावतात. एकच न्हाणीघर असलेल्या घरात लग्नाचे पाहुणे उतरलेत आणि त्याच न्हाणीघराच्या फरश्या बदलायच्यात, असं ते काम.

त्यात वर्षाचे महिने मोजा. तेव्हा पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ झालेल्या अपघातांनंतर पावसात वेगाला लगाम घातलेला आहे, आणि तो हवाच. खांबाचा पाया खणायचा म्हणजे रुळापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर खड्डा. भरावावर असा खड्डा खणून वर आषाढाचा पाऊस घ्यायला कुठला शहाणा इंजिनिअर तयार होईल? कातळ असेल तिथे खड्डा कोसळायची भीती नाही, पण तिथे दिवसभर दगड फोडायचं यंत्र चालवून गुडघाभर खोली मिळते. खणलेल्या जागेवरून गाडी हळू न्यायची म्हणून ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर. त्या कॉशनमुळे गाडीचा वेळ गेला की पुढचं क्रॉसिंग बिघडलं, ते बिघडलं की दुपारचा ब्लॉक गेला. म्हणजे कामामुळे गाडी उशिरा, आणि गाडी उशिरा म्हणून काम उशिरा.

पाऊस सरला की दिवाळी, नाताळात गोव्याची गर्दी, शिमगा, मग मे महिना. प्रत्येकाला जादा गाड्या. जादा गाडी सोडा म्हणून अर्ज करणारे आपणच, आणि ब्लॉक का मिळाला नाही याचं एक कारणही आपणच. हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही, शिमग्याला मीही गावीच असतो.

पुष्कळांनी लिहिलंय की २०२० ला गाड्या बंद होत्या तेव्हा काम उरकून का घेतलं नाही. मार्ग मोकळा होता हे खरं. पण या कामावरचे मजूर कंत्राटदारांचे, लांबलांबच्या राज्यांतले. गाड्या बंद झाल्या तेव्हा तेही घरच्या वाटेला लागले. मोकळा रूळ आणि कामाचे हात एकाच वेळी मिळणं हा त्या वर्षातला अवघड योग होता. त्याच ऑगस्टमध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली आणि गाड्या पुणे, मिरज, लोंढ्यावरून फिरवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी जुलैत चिपळूण बुडालं, वाशिष्ठीच्या पुरानं गाड्या अडकून पडल्या. ही काही विद्युतीकरणाची संकटं नव्हेत, पण रूळ तोच आणि त्यावरची यंत्रणाही तीच. बोगदा दुरुस्त होईपर्यंत पलीकडे सामान कसं न्यायचं?

आणखी एक काम प्रवाशाला दिसतच नाही. पंचवीस हजार व्होल्टची तार डोक्यावरून गेली की शेजारून जाणाऱ्या साध्या तांब्याच्या केबलमध्ये आपोआप वीज उतरते. सिग्नलच्या आणि टेलिफोनच्या केबल अशा तारेखाली तशाच ठेवून चालत नाही. त्या बदलायच्या किंवा त्यांना कवच द्यायचं, रुळातून गाडीची जाग देणारी सर्किटं एसीला दाद न देणारी बसवायची. सिग्नलवाल्यांचं हे काम होईपर्यंत वर तार झळकत असली तरी तिच्यात वीज सोडता येत नाही. तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून म्हणता, ‘तारा तर कधीच्या लागल्यात, मग थांबलंय कशासाठी?’ बऱ्याचदा ते जमिनीखाली थांबलेलं असतं.

आता दुसरा भाग, उक्षीचा पाऊण तास.

विजेचं इंजिन लवकर वेग घेतं, हे खरं. पण समोरून येणारी गाडी क्रॉसिंगच्या स्टेशनात आल्याशिवाय तुमचं इंजिन विजेचं असो की वाफेचं, ते तिथेच उभं राहणार. आमच्या बोर आणि थळ घाटांत १ : ३७ चा चढ आहे. तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय बहुतेक गाड्या चढत नाहीत. म्हणून तर कल्याण–पुणे १९२९ ला आणि कल्याण–इगतपुरी १९३० ला, इंग्रजांच्या काळातच विजेवर गेले. तिथे विजेनं चित्रच पालटलं. कोकण रेल्वेचा चढ मुळात १ : १५० च्या आत ठेवलाय. डोंगर चढायचा नाही, पोखरायचा, हा हिशेब. अशा मार्गावर डिझेलच्या जागी वीज आल्यानं मिनिटं वाचतात, तास नाही.

वाचतं ते इंधन. विद्युतीकरणामुळे वर्षाला दीडशे कोटींच्या आसपास इंधनखर्च वाचेल, असा रेल्वेचाच अंदाज होता. खर्चाशी ताडून पाहिलं तर व्यवहार चोख आहे, आणि या कामाच्या बाजूनं मी कुणाशीही भांडेन. पण प्रवाशाला सांगताना ‘गाड्या वेगवान होणार’ हेच मोठ्या टायपात सांगितलं गेलं. तुमचा सगळा अपेक्षाभंग तिथून सुरू होतो. वेळ वाचवतं ते दुहेरीकरण, आणि ते झालंय फक्त रोहा ते वीर, ४७ किलोमीटरच्या आत-बाहेर, २०२१ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण. पुढे दुसरा रूळ टाकायचा तर जुन्या बोगद्यांशेजारी नवे बोगदे, जुन्या पुलांशेजारी नवे पूल. त्याचा खर्च विद्युतीकरणाच्या कितीतरी पट. दरम्यान एक उपाय झाला, त्याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही : दोन स्टेशनांच्या मध्ये नवी क्रॉसिंग स्टेशनं. कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे ही त्यातलीच. तुमची गाडी पूर्वीपेक्षा दहा मिनिटं लवकर पोचत असेल, तर त्याचं श्रेय इंजिनापेक्षा या स्टेशनांना जास्त द्या.

प्रश्न : पूर्वी करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरली की आम्ही खिडक्या बंद करायचो, धूर आत यायचा. आता तो त्रास गेला. पण एवढ्या लांब बोगद्यात खांब कुठेच दिसत नाहीत, तार कशाच्या आधारावर आहे? आणि छतातून पाणी ठिबकतं, त्याचा शॉक लागत नाही का? — एक निवृत्त पोस्टमन, रत्नागिरी

नजर चांगली आहे तुमची. बोगद्यात खांब रोवायला जागाच नसते. तिथे छताच्या दगडात भोकं पाडून त्यात लांब बोल्ट पक्के करतात आणि त्यांना खाली लोंबणारी लोखंडी भुजा जोडतात. तिला आमच्यात ‘ड्रॉप आर्म’ म्हणतात. त्या भुजेला इन्सुलेटर, म्हणजे वीज पुढे जाऊ न देणारा तुकडा, आणि मग तार. बाहेर खांब उभा करताना चुकला तर वीतभर इकडेतिकडे करता येतो. बोगद्यात छत जिथे आहे तिथेच आहे. एका बाजूला ते चार बोटं खाली आलेलं असतं, दुसरीकडे दगड पोकळ लागतो आणि बोल्ट धरत नाही. मग जागा सरकवा, भोक नव्यानं पाडा, बोल्टला ताण देऊन तो निसटत नाही ना हे तपासा. करबुडे साडेसहा किलोमीटरचा, आणि कोकण रेल्वेवर असे लहान-मोठे नव्वदच्या वर बोगदे. त्या प्रत्येकात हे काम टॉवर वॅगनवर उभं राहून, मान वर करून, दिव्याच्या उजेडात आणि अर्थात ब्लॉकमध्येच.

पाण्याचं म्हणाल तर शुद्ध पावसाचं पाणी एवढं वाईट नसतं. वाईट असतो तो इन्सुलेटरवर बसलेला थर. रत्नागिरी–थिवी पूर्ण होईपर्यंत मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या सलग गाडीला दोनच वाटा होत्या. एक तर मध्येच रत्नागिरीला इंजिन बदला, त्यात वीस-पंचवीस मिनिटं घालवा. नाही तर सगळा रस्ता डिझेलच जोडा. म्हणजे अर्ध्या वाटेवर नव्या तारेखालून डिझेलचं इंजिन धावणार, आणि त्याचा धूर बोगद्यात वर, नेमका नव्या कोऱ्या इन्सुलेटरवर जाऊन बसणार. त्या काजळीवर छताची ओल आली की वीज इन्सुलेटरच्या अंगावरून घसरत जमिनीचा रस्ता शोधते. मोठा आवाज होतो, सबस्टेशनात वीज तोडणारा ब्रेकर आपोआप पडतो आणि गाडी जागच्या जागी उभी. म्हणून छताला जिथे झरे आहेत तिथे पाणी पन्हाळीनं बाजूला काढून देतात आणि इन्सुलेटर हातानं पुसतात. हो, हातानं, फडक्यानं. वीज बंद करून, तारेला दोन्ही बाजूंनी अर्थिंगचे, म्हणजे उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारे दांडे लावून, एकेक इन्सुलेटर. सगळीकडे ‘अत्याधुनिक’ म्हणून गाजलेल्या या व्यवस्थेचं आरोग्य बऱ्याच अंशी एका फडक्यावर आहे, हे मला नोकरीत असतानाही गमतीचं वाटायचं.

तुम्हाला त्या पाण्याचा शॉक बसायचा नाही. गाडीचा डबा लोखंडी आहे आणि चाकांतून रुळाला जोडलेला आहे. आतल्या माणसानं फक्त हात, छत्री, मुलाची काठी, काहीही खिडकीबाहेर काढायचं नाही.

प्रश्न : मध्य रेल्वेचं १०० टक्के विद्युतीकरण झाल्याची बातमी २०२३ मध्ये वाचली होती. त्यानंतरही आमच्या स्टेशनात डिझेल इंजिनाची गाडी येताना पाहिली. बातमी खोटी होती का? — एक व्यापारी, लातूर

खोटी नव्हती. शेवटचा तुकडा तर तुमच्याच दारातला, औसा रोड ते लातूर रोड, फेब्रुवारी २०२३. पण ती टक्केवारी रुळांची असते, गाड्यांची नसते. तार लागली म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन येत नाही. ते कुठल्या तरी शेडमधून यायला हवं आणि त्याचं वेळापत्रक दुसऱ्या झोनच्या गाड्यांशी जुळायला हवं. इंजिन चालवणाऱ्यालाही विजेच्या इंजिनाचं प्रशिक्षण लागतं आणि तारांचा तो मार्ग ओळखीचा व्हावा लागतो. तुमची गाडी पुढे एखाद्या बिनतारेच्या फाट्यावर जाणार असेल तर सगळा रस्ता तिला डिझेलच लावलेलं परवडतं. शिवाय तार तुटली किंवा अपघात झाला तर मदतीला जाणारं इंजिन डिझेलचंच लागतं. त्यामुळे ती इंजिनं सगळी भंगारात जाणार नाहीत, जाऊही नयेत.

विजेचं इंजिन आल्याची खूण बघायची असेल तर नव्या पद्धतीच्या एलएचबी डब्यांच्या गाडीत टोकाच्या जनरेटरच्या डब्यापाशी उभे राहा. तो घरघरत नसेल, तर दिवे, पंखे आणि एसीची वीज इंजिनातून, म्हणजे वरच्या तारेतूनच येते आहे. कानांना केवढा आराम!

प्रश्न : आजोबा, आमच्या घरामागून रेल्वे जाते. वरची तार सरळ नाही, नागमोडी आहे. कामगारांनी चुकून तशी लावली का? आणि काही खांबांना मोठी वजनं टांगलेली आहेत ती कशाला? — इयत्ता आठवी, वीर

शाब्बास. मोठ्या माणसांपैकी कुणीच हे विचारलं नाही.

तार मुद्दाम तशी लावतात. इंजिनाच्या डोक्यावर जो पॅन्टोग्राफ असतो, त्याच्या वरच्या पट्टीला तार घासत जाते. पट्टी कार्बनची असते. तार अगदी सरळ असती तर ती पट्टीच्या एकाच जागी घासली असती आणि थोड्याच दिवसांत तिथे खाच पडली असती. म्हणून सरळ रुळावर तार एका खांबापाशी मध्यापासून २० सेंटिमीटर डावीकडे, तर पुढच्या खांबापाशी तेवढीच उजवीकडे ओढतात. गाडी पळताना तार पट्टीवरून इकडून तिकडे सरकत राहते आणि पट्टी सगळीकडे सारखी झिजते. कधी इंजिन उभं असेल तेव्हा पाहा, पट्टी मध्यापासून दोन्हीकडे चकचकीत दिसेल.

वजनांचं तूच शोधून काढू शकशील. एप्रिलच्या दुपारी एका ठरावीक खांबाचं वजन जमिनीपासून किती उंच आहे ते अंदाजानं वहीत लिहून ठेव, आणि जानेवारीत पहाटे थंडी असताना पुन्हा बघ. उन्हात तांबं लांबतं, तार सैल पडू लागते, मग वजन खाली उतरून तिला ओढून धरतं. थंडीत तार आखडते, वजन वर जातं. वरची आधाराची आणि खालची पॅन्टोग्राफला टेकणारी, अशा दोन्ही तारांना मिळून सुमारे दोन टन ताण सतत असावा लागतो, नाही तर पॅन्टोग्राफ उसळतो आणि ठिणग्या उडतात. हे सगळं लांबून बघायचं, तुमच्या अंगणातून. रुळाजवळ जायचं नाही.

प्रश्न : आमचे दोन ट्रक कोलाडहून रो-रोनं वेर्ण्याला जातात. वर पंचवीस हजार व्होल्टची तार आणि खाली वॅगनवर ट्रक, ट्रकात ड्रायव्हर. हे सुरक्षित आहे का? — एक ट्रकमालक, लांजा

नियम पाळले तर आहे. रो-रो १९९९ पासून चालू आहे, विद्युतीकरणानंतरही चालू राहिली. वॅगनवर चढवण्याआधी ट्रकची उंची मोजतात, ती जास्त भरली तर ट्रक घेत नाहीत. तिथे ‘दोन बोटंच जास्त आहे, जाऊ द्या साहेब’ म्हणत हुज्जत घालू नका. ड्रायव्हर-क्लीनरना मात्र बजावून सांगा : वॅगनवर ट्रक चढला की ताडपत्री नीट करायला, दोर आवळायला किंवा सामान बघायला ट्रकच्या टपावर चढायचं नाही. या तारेला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती माणसाला ओढून घेते. तारेपासून किमान दोन मीटर लांब राहायचं, हा नियम आम्हालाही होता. यार्डात उभ्या मालगाडीवर फोटो काढायला चढणारी पोरं याच कारणानं भाजतात, आणि त्यातली फार थोडी वाचतात.

रेल्वे फाटकांवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या लोखंडी कमानी उभ्या राहिल्यात, त्याही यासाठीच. कमानीची उंची ४.६७ मीटर. जे कमानीखालून जात नाही ते फाटकातून न्यायचं नाही. उंच गणपतीची मिरवणूक, गवताचा ट्रक, बोअरवेलची गाडी, सगळ्यांना हाच नियम. मंडळांनी मूर्ती ठरवतानाच वाटेतलं फाटक बघून घ्यावं.

प्रश्न : ब्लॉकमुळे गाडी चार तास उशिरा येणार असं कळलं आणि मी प्रवास रद्द केला. तिकिटाचे पैसे परत मिळतात का? आणि ब्लॉकची माहिती आधी कुठे कळते? — एक वाचक, कुडाळ

मिळतात. तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास केला नसेल, तर पूर्ण पैसे. उशीर ब्लॉकमुळे झाला की दरड कोसळून, याच्याशी संबंध नाही. वळवलेली गाडी तुमच्या स्टेशनात येणारच नसेल तरीही पूर्ण परतावा आहे.

ब्लॉकची पत्रकं स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, पण ती एवढ्याशा जागेत छापतात की शोधावी लागतात. त्यापेक्षा निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी १३९ वर फोन करा किंवा रेल्वेच्या चौकशीच्या अ‍ॅपवर गाडी प्रत्यक्ष कुठे आहे ते बघा. आपली गाडी वेळेवर सुटलेली दिसत असेल तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी किती लेट आहे तेही बघा, खरा अंदाज तिथेच येतो.

पैशांसाठी तिकीट खिडकीवर काढलेलं असेल तर खिडकीवर परत करा, ऑनलाइन असेल तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरा. दोन्ही गोष्टी गाडी तुमच्या स्टेशनातून सुटण्याआधी करायच्या. घरी जाऊन, जेवून, मग सावकाश भरू म्हणालात, आणि तेवढ्यात गाडी येऊन निघून गेली, की पैसे गेले.